स्लिप अवे

आठवी ब, तिसरा तास. फळ्यावर लिहिलं: स्लिप अवे.
स्लिप पोरांना ठाऊक, चिऱ्याच्या पायरीवरचं शेवाळ.
अवे म्हणजे?
"खाडीपलीकडे, बाई." "मस्कत." "माझो बापूस."
कुणी हसलं नाही.

अर्थ सांगितला: कुणाच्या लक्षात न येता निघून जाणं.
सटकणं, निसटणं, काढता पाय घेणं.
पळून जाणं नव्हे. पळणाऱ्याचा आवाज होतो.
वाक्यात उपयोग करा म्हटलं, तर
शेवटच्या बाकावर खोबरेकरची नुसती वही,
पेन उघडं, खिडकी उघडी.
बाहेर तळाशीलच्या वाळूत रापण ओढत होते,
दोरावर एक गणवेश.

चौथ्या तासाला आला,
गुडघ्यापर्यंत ओला, हाताला तारलीचे खवले.
त्याची हजेरी मी आधीच लावून टाकली होती.

दुसरा अर्थ परीक्षेला येत नाही.
शिपाई धाकू मेस्त्री मधल्या सुट्टीची घंटा देऊन
स्टुलावर टेकले, आणि
पुढची घंटा झालीच नाही.
पोरं खेळत राहिली.
मीही म्हटलं, बरं झालं, आज सुट्टी लांबली.

बदलीचा कागद आठवडाभर पर्समध्ये होता.
पहाटेची एसटी धरली, सामान फारसं नाही.
इथे कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात.
मला तेही म्हणायचं नव्हतं.

स्टॉपवर खोबरेकर उभा,
हातात पिशवी, सुके बांगडे.
"बाई," म्हणाला,
"वाक्यात उपयोग रवलो."