हक्कसोड

तलाठ्याकडे सही केली त्या वर्षी
खळ्यापासून माडांपर्यंत सगळं दिगूचं झालं,
होडीसकट.
मी हरकत घेतली नाही. कोण घेतं?
परतीच्या तिकिटाला सुटे नव्हते,
तेही त्यानेच दिले.

आता बांबोळीच्या डॉक्टरीणबाई सांगतात,
बाबांनी एक वाटणी आधीच केली होती.
आमच्या जन्माच्याही आधी, नाणं उडवून.
दोन्ही वेळा छापा.
तेच एक अक्षर चुकलेलं, त्याला आणि मला.
या कागदावर हक्क सोडता येत नाही.

पण दोन अंगं ते अक्षर वेगळं वाचतात, म्हणाल्या.
दिगूच्या अंगाने घाईने वाचलं, चाळिशीच्या आत,
डावीकडे, आतडं संपतं तिथे.
रक्त लालभडक. त्याने पाहिलं,
वहिनीने त्याच रात्री गाडी केली.

माझ्या अंगाने हळूहळू,
उजवीकडे, मोठं आतडं सुरू होतं
त्या काळोख्या कोपऱ्यात,
थेंब थेंब, डोळ्यांना न दिसता.
शिवाय पिशवीलाही तीच भीती,
ती एकट्या माझ्या वाट्याची.

चार वर्षं वेंगुर्ल्याच्या कारखान्यात
काजू फोडताना
बसल्या जागी धाप लागायची.
केंद्रावर गोळ्या मिळायच्या.
"बायलमाणसाक रगात कमीच आसता गो."
मीही शेजारच्या सुनंदाला
हेच सांगायचे. त्याच तोंडाने.

बाई कागदावर घराणं काढतात.
बापये चौकोन, बायका गोल.
बाबांचा चौकोन काळा, आजोबांचा काळा.
आणि ही?
आत्या. आचऱ्याला दिलेली.
कशाने गेली?

पांढरी पडत गेली.
कोणी म्हणे बाहेरचं, कोणी म्हणे
सासरचे जेवू घालत नव्हते.
शेवटी शेवटी विहिरीच्या दोन पायऱ्याही
चढवेनात तिला.
नाव? मी दिगूकडे पाहिलं,
दिगूने खिडकीकडे.
आम्ही तिला आत्याच म्हणायचो.

बाईंनी गोलात प्रश्नचिन्ह काढलं.
मी पेन मागून घेतलं.
काजूच्या तेलाने काळी पडलेली बोटं
सहीपलीकडे फार जात नाहीत;
रेघेबाहेर गेलं थोडं,
पण भरला गोल.

खाली, माझ्या गोलाला लोंबकळणारा
नयनाचा. कोरा.
येत्या मे महिन्यात एकवीस लागेल तिला.

बाहेर रिक्षाच्या रांगेत दिगू म्हणाला,
"तिच्या तपासणीचो खर्च मी करतलंय."

अर्धो, मी म्हटलं.