तिसरा चौकोन

घड कापून गेला की केळीचा खांब
कुणाचाच नसतो.
बांधावर पडतो, कुजतो, वास मारतो.
मालक म्हणाला, न्या वं बायांनो,
तेवढीच जागा मोकळी होईल.
आम्ही नेला.

त्याआधी बारा दिवस
यावलला, आयटीआयच्या मागच्या शेडमध्ये
ढाके मॅडमनी शिकवलं,
यंत्राचा दात कसा बदलायचा,
सोपट कुठे धरायचं, बोट कुठे न्यायचं नाही,
धागा वेगळा केल्यावर उरलेल्या लगद्याचा
फायलीला पुठ्ठा कसा दाबायचा.
अकराव्या दिवशी फळ्यावर दोन रकाने आखले.
म्हणाल्या, एका पुठ्ठ्याची किंमत काढा.
आम्ही वीज लिहिली, ट्रॅक्टरचं भाडं, सोडा, डिंक.
सुपडाबाईनं तर तेलाचे सात रुपयेही सोडले नाहीत.
मॅडमनी विचारलं, आणि तुमची मजुरी?

शेड गप्प.
शेजारी पोरं वेल्डिंग शिकत होती,
निळा उजेड खिडकीत येई, जाई.
रुबाब तडवी म्हणाली,
"ती कायले धरायची? ते तं आपलेच हात."

स्वतःला रकान्यात लिहायला
त्या दिवशी आम्हाला दुपार झाली.

मग दोन वर्षं.
पंधराजणी, एक यंत्र, एक वही. वही माझ्याकडे,
कारण मी नववी.
मजुरी आधी, हप्ता नंतर,
उरेल त्यातला तिसरा हिस्सा पेटीत:
कुणाचं बाळंतपण, कुणाचा चष्मा,
रुबाबच्या नणंदेची नर्सिंगची फी.
ती पोरगी आता सावद्याला दवाखान्यात असते,
आम्हालाच रांगेत उभं करते.

जळगावच्या कचेरीत अर्जावर दोन चौकोन होते.
व्यवसाय. सेवा.
योग्य तिथे खूण करा.
व्यवसायावर केली, तर खिडकी म्हणाली
तीन वर्षांची उलाढाल दाखवा, अनामत भरा.
सेवेवर केली, तर दुसरी खिडकी म्हणाली
मग विकता कशाला, देणग्या घ्या.
चार हेलपाटे. चौथ्यांदा सुपडाबाई
खिडकीत डोकं घालून म्हणाली,
"साहेब, गाय दूध बी देते अन् शेण बी.
तिले तुम्ही कोन्त्या खान्यात बांधता?"
मागे रांगेत कुणी हसलं.
साहेब हसले नाहीत. पण त्यांनी ते
एका कागदावर लिहून घेतलं, हे मी पाहिलं.

धोरणाचा मसुदा निघाला तेव्हा
ढाके मॅडमनी तीन पानं लिहिली,
खाली तेरा सह्या, दोन अंगठे.
त्यानंतर दोनदा केळी निसवली.
मग परिपत्रक आलं, आणि त्यात
तिसरा चौकोन.
इतका बारीक, पानाच्या इतक्या खाली
की झेरॉक्समध्ये येतच नाही.
मी पट्टी घेऊन जाते. प्रत्येक अर्जावर
तो हातानं आखते, मग खूण करते.

परवा नमुने तपासायला एक नवा बाबू होता.
पुठ्ठा उजेडात धरला, वाकवला, वास घेतला.
म्हणाला, यात केस आहे.
होता. लांब, अर्धा काळा, अर्धा पांढरा,
लगद्यात दाबून बसलेला.
पंधराजणींपैकी कुणाचा
ते मला लगेच कळलं, मी सांगितलं नाही.
म्हणाला, हा दोष लिहावा लागेल.
लिहा, मी म्हटलं.
आणि वही काढून त्याच्यापुढे ठेवली,
दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवून:
हिची मजुरी धरलेली आहे.

ऑर्डर मिळाली. चारशे.
पैसे नव्वद दिवसांनी, म्हणजे केव्हा ते बघू.
सोमवारपासून शेडमध्ये नवी तुकडी आहे,
पालच्या बाजूच्या बावीस बाया.
मॅडम म्हणतात, अकरावा दिवस तू घे.
खडू कोरडा आहे, फळा जुना.
मी अजून ठरवते आहे
तो प्रश्न विचारून झाल्यावर
किती वेळ गप्प राहायचं.