पंधरा अँपिअर

ताइस्तो केम्पाइनेन आला तेव्हा सुपीरियर सरोवर
काठाशी अजून गोठलेलंच होतं.
हातात अकरा डॉलरचं वायरचं पाकीट,
मागे मुलीनं घेऊन दिलेली नवी कोरी गाडी,
तिच्यामागे अठ्ठ्याऐंशी सालचा बोटीचा ट्रेलर.
"दिवे जोडून दे, हेल्वी. दहा मिनिटांचं काम."

दहा मिनिटांचंच होतं, त्याच्या जुन्या ट्रकला.
कुठेही तार सोला, पीळ घाला,
वर काळी चिकटपट्टी.
दिवा लागला तर लागला,
नाहीतर मडगार्डवर एक लाथ.

ही गाडी तसली नव्हे.
हिच्या मागच्या दिव्याची तार
मी चिमटीत धरून दाखवली त्याला:
शेवईएवढी.
डॅशबोर्डखाली एक डबी असते, म्हटलं,
कोणता दिवा किती खातो हे तिला पाठ.
तू तिच्याच ताटातून
ट्रेलरचे सहा बल्ब जेवू घालणार.
ती आज काही बोलणार नाही.
उद्याही नाही.
मग एका रात्री ऑन्टोनागनच्या रस्त्यावर
एकदम गप्प होईल.
ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, सगळंच गप्प.
नवी डबी नऊशेची, मजुरी वेगळी.

फळीवरून दुसरा संच काढला. चौसष्ट डॉलर.
हा पोटासाठी थेट बॅटरीकडे जातो,
वाटेत फ्यूज.
गाडीच्या दिव्यांकडून घेतो नुसता इशारा,
डावीकडे, उजवीकडे, थांब.
शहाण्याला शब्दाचा मार.

"म्हणजे कान गाडीकडे आणि तोंड बॅटरीकडे,"
ताइस्तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.
मग बराच वेळ
अकराच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत बसला, चष्म्याशिवाय.
"मार्याता दर शनिवारी डुलुथहून येते.
छपराचं तीच बघते, डॉक्टरचं तीच,
हिवाळाभर दारातला बर्फ तीच उपसते.
दोन नोकऱ्या आहेत तिला.
काही बोलत नाही कधी."

मी गाडीखाली शिरले.
तपकिरी, पिवळी, हिरवी आपापल्या जागी.
पांढरीसाठी रंग खरवडला, गंज खरवडला,
लोखंड चकाकेपर्यंत.
अर्थिंग कच्चं राहिलं
की सगळी भुतं तिथूनच निघतात.
जोडावर ग्रीस थापलं; इथल्या रस्त्यांवरचं मीठ
कुणाची गय करत नाही.
बॅटरीपर्यंत तार न्यायला दीड तास गेला.
त्यानं चौसष्ट दिले, मजुरी दिली,
कुरकुरला नाही. तायस्तोच्या मानानं ते नवलच.

जूनमध्ये परत आला.
ट्रेलरचे दिवे बंद.
प्लग न काढताच बोट पाण्यात उतरवली होती त्यानं,
बल्ब तापलेले, पाणी बर्फासारखं.
डबी तपासली: शाबूत.
गाडीचे सगळे दिवे जागे.
फ्यूज काढून त्याच्या तळहातावर ठेवला.
त्यानं तो उन्हात धरला,
आतली तुटकी तार न्याहाळली.
"एवढंच जळलं?"
"जळायला एवढंच ठेवलं होतं."

त्यानं आणखी पाच घेतले, नाणी मोजून.
दारापर्यंत गेला, थांबला,
आणि भर उन्हाळ्यात विचारलं,
तुझ्या अंगणातला बर्फ उपसायला येतो
त्या पोराचा नंबर काय.