व्याख्येत बसणारे

आदेश खानापुरातून आला, कानडीत.
माळकोपच्या हद्दीत, चौदा ते एकवीस तारखेच्या आत,
चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा
पाण्यासारखे जुलाब झालेला कोणीही:
तो रोगी.
तेवढ्यापुरतं जग मला आखून मिळालं.
वही, शिसपेन्सिल, आणि पुढे चालणारी
आशाताई द्रौपदा तरळे,
जिच्यावर गावातलं एकही कुत्रं भुंकत नाही.

पहिलं घर यल्लुबाई होनगेकरचं.
"दोनदा गेलो," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा उठलो,
खरं दारापर्यंत पोचलो नाही.
हे धरतासा काय?"
व्याख्येत दाराचा उल्लेख नव्हता.
मी द्रौपदाकडे पाहिलं, तिनं आढ्याकडे.
धरलं.

शट्टुप्पा म्हणाला, ते दारूचं, लिहू नका.
बिर्ज्यांच्या पोरीला रविवारी बघायला येणार होते;
तिची आई उंबऱ्यात आडवी उभी,
"आमच्यात कुणाला काय नाही,"
आणि मागं दोरीवर सहा परकर वाळत होते.
मी परकर मोजले नाहीत.
म्हणजे मोजले, लिहिले नाहीत.
कल्लाप्पाची म्हातारी तेरा तारखेला गेली,
एका रात्रीनं बाहेर राहिली.
"उद्या गेली असती तर चाललं असतं काय?"
त्यानं खरंच विचारलं होतं. उत्तर होतं, होय.
मी पाणी मागितलं, आणि मग आठवून, नको म्हणालो.

रकाने तीन: शंकित, संभाव्य, खात्रीचे.
शंकित हा शब्द दोन्ही भाषांत एकच;
या भागात तेवढ्यावर तरी
अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

व्याख्येला मी शिव्या दिल्यात, रात्री, वही मिटताना.
तरी चोवीस नावं झाली तेव्हा दिसलं,
त्यातली एकवीस खालच्या आळीतल्या
एकाच नळावर भरतात,
जिथं पाइप गटारात गळ्यापर्यंत बुडालेला.
कुणाला मोजायचं हे ठरल्याशिवाय
नळ आपणहून बोलला नसता.
पाइप बदलला. तिसऱ्या दिवसापासून वहीत नवं नाव नाही.
हुक्केरीमॅडम फोनवर म्हणाल्या, छान.

भरमाणी मोदगेकर मात्र कुठंच मावेना.
राहणार माळकोप, खालची आळी, तोच नळ.
सकाळी पाणी पिऊन नाल्यापलीकडं आक्काकडं गेला,
काजूच्या बागेला कुंपण घालायला.
नाल्यापलीकडं चंदगड तालुका, दुसरं राज्य.
तिथं दुपारी सुरू झालं,
पहाटे गडहिंग्लजच्या वाटेवर संपलं.
तिकडच्या वहीत पत्ता बघून काट मारली.
इकडच्या आदेशात हद्द होती.
दोन्ही कचेऱ्यांनी एकमेकींना पत्र लिहिलं,
आपापल्या भाषेत, की तो तुमचा.
नाल्यात त्या दिवसांत पाणी घोट्याइतकं;
मोदगेकरांची म्हैस रोज दोनदा ओलांडते.

मग एका रविवारी मीही ओलांडला. वही नेली नाही.
आक्काच्या परसदारच्या भिंतीवर
कोळशाच्या रेघा होत्या.
"दर खेपेला धरून नेलो, येऊन एक ओढलो.
डाक्टर विचारला तर सांगायला पायजे की."
अकरा. बारावी अर्धी, खाली घसरत गेलेली.
मी काही बोललो नाही,
पण बोटांनी सवयीनं पाचापाचाचे गट केले,
आणि शेवटच्या अर्ध्या रेघेपाशी अडखळली.

ती शेणकाल्याची बादली घेऊन थांबली होती.
"तुमचं मोजून झालं असंल तर," म्हणाली,
"सारवून घेतो."