गाळ बसायला अर्धा तास

स्काइद्रिते म्हणजे निवळ.
आणि जिच्या काठी तिनं एकतीस वर्षं नोकरी केली
ती नदी मेल्नुपे, म्हणजे काळी.
यावर गावात एक विनोद आहे.
तो मी तिच्यासमोर कधी केला नाही.

पहिल्या दिवशी तिनं लिटरभराचं उभं काचपात्र हातात दिलं.
"भर. ठेव. हात लावू नकोस.
अर्धा तास नुसता बघ."
तपकिरी ढग खाली खाली बसत गेला,
वर चार बोटं पाणी, मग वीतभर,
आणि त्यातून भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं,
उलट्या आकड्यांचा फेब्रुवारी.

"साफ आपण करत नाही," ती म्हणाली,
"हे करतात."
सूक्ष्मदर्शकाखाली देठांवर झुलणाऱ्या घंटा,
एवढ्याएवढ्याशा, न वाजणाऱ्या,
गावानं रात्री जे सोडलं ते गिळत होत्या:
बीटाचं सूप, साबण, तान्ह्यांचे लंगोट,
आणि ज्याविषयी घरात कुणी बोलत नाही तेही.
आम्ही हवा पुरवतो, बस्स.
घंटांचे गडी.

थंडीत नदी गोठते,
फक्त आमच्या पाइपाखाली नाही.
तिथं सगळ्या गावाच्या आंघोळीची ऊब वाहते
म्हणून हंस तिथंच मुक्कामाला. सदतीस मोजले.
शाळेतली मुलं पाव घेऊन येतात
नाकावर मफलर ओढून.
वास येत नाही खरं तर.
तो मफलर आजोबांपासून चालत आलाय.

मार्चमध्ये कुणीतरी निवळी सोडली,
चीज काढून उरलेली, टाकीभर, न सांगता, रात्रीची.
निवळीच ती, नाव बघा,
आणि तिनंच आमचं सगळं गढूळ केलं.
सकाळी घंटा मिटलेल्या.
चौथ्या दिवशी धाग्यांचं रान.
अर्धा तास झाला, तास झाला,
गाळ बसेना.

त्याच रात्री बर्फ वितळून गटारांतून धावत आला.
बायपासचं चाक तिनं फिरवलं.
मी पुढे झालो तर म्हणाली, तू बॅटरी धर.

नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
आमचा पगारच त्याचा.
मॅनहोलमागून मॅनहोल, दोरीला बाटली बांधून,
आम्ही उलटे चालत गेलो,
सातव्याला आंबूस वास, नवव्याला जास्त,
आणि अकरावं झाकण दुग्धशाळेच्या फाटकासमोर.
तिथं तिचा जावई फोरमन.
ती झाकणावर थोडा वेळ उभी राहिली.
मग रजिस्टरात, गोल अक्षरात:
०२.४० ते ०५.१०. झडप उघडली. पाणी शुद्ध न करता सोडलं.
कारण या रकान्यात तिनं नाव घातलं, पत्त्यासकट.

दुसऱ्या दिवशी म्हातारा ओयार्स बादली घेऊन आला.
टेबलावर ठेवली. पाच मासे, पोटं वर.
तिनं रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं.
त्याचा चष्मा घरी राहिला होता,
म्हणून तिनंच वाचून दाखवलं.
"अडीच तास," तो म्हणाला.
"अडीच तास," ती म्हणाली.
मग दोघांनी कॉफी घेतली.
बादली मध्येच होती.

जूनमध्ये रीगाहून तपासनीस आले,
घंटा तोवर परतल्या होत्या, आकडे नेमके.
तरी त्यातल्या एकानं नदीचा पेला उजेडात धरला:
"अजून काळंच की हो."
"तो वरच्या दलदलीचा रंग," ती म्हणाली,
"शेवाळ कुजून कुजून झालेला. तिचा स्वतःचा.
तो काढायला आम्हाला कुणी सांगितलेलं नाही,
आणि सांगू नये.
आम्ही फक्त लोकांचं काढतो."

ऑक्टोबरात ती निवृत्त झाली.
जावई अजून तिच्याकडे जेवायला जात नाही,
मुलगी एकटी येते, पाठच्या दारानं.
हंस यंदा अजून आले नाहीत; पाणी कुठं गोठलंय.

मी पात्र भरतो. ठेवतो. हात लावत नाही.
अकरा मिनिटं झाली आहेत.