बारा बिया, एक नोंदवही

मंगफ, ब्लॉक चार, सहावा मजला.
जूनमध्ये इथे थंड पाण्याचा नळ भाजतो,
म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो
आणि गरम नळातून गार पाणी घेतो.
नव्या माणसाला हे पहिल्या दिवशी सांगावं लागतं.
शफी परकारने मला सांगितलं होतं,
मी पडवळाच्या बियांना सांगितलं.

बारा होत्या.
वैजयंतीने गोळ्यांच्या रिकाम्या डबीत
कापूस घालून पाठवलेल्या,
डबीवर तिच्या अक्षरात: ‘ह्या खाऊ नका.’

रिफायनरीच्या प्रयोगशाळेत मी तापमापकं तपासतो.
अंदाज हा शब्द आमच्याकडे शिवी आहे.
तेव्हा रीतसर केलं:
तीन बिया फ्रिजच्या डोक्यावर, एकतीस पूर्णांक चार;
तीन वायफायच्या डब्यावर,
रात्री शफी मुलीशी बोलतो तेव्हा
तिथे अर्धा अंश चढतो;
तीन भांड्यांच्या कपाटात,
मटकीसारख्या ओल्या फडक्यात गाठ मारून.
बाल्कनीतल्या तीन संध्याकाळपर्यंत शिजल्या.
नोंद केली.

बी कडक असेल तर नेलकटरने टोक छाटावं
असं कुठेतरी ऐकलं होतं.
कुठलं टोक, ते ऐकलं नव्हतं.
पाचव्या दिवशी फ्रिजवर वास सुटला,
सहाव्या दिवशी वायफायवर बुरशी,
पांढरी, मऊ, एखाद्या जावळासारखी,
आणि क्षणभर मी फसलो.

शफीने चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.
“अरे बाबा, तू तिचं तोंडच कापलंस की.
आमच्या खेडला पाठीकडून घासतात, खापरावर,
नि रात्रभर ताकात ठेवतात.”
हे तू आधी का नाही बोललास?
“तू विचारलंस कुठे? तू मोजत होतास.”

कपाटातल्या तिघी वाचल्या होत्या,
कारण त्या दिवशी नेलकटर
शफीच्या पायांना हवं होतं.

खालच्या बकाल्यात लबानची बाटली घेतली.
कुट्टीने अर्ध्या दिनारची नोट उलटीसुलटी केली:
“मोड आहे?”
हा एकच मराठी शब्द त्याने शफीकडून उचललाय.
मी म्हटलं, अजून नाही.
तो खिशाकडे बघत राहिला माझ्या.

मग बाल्कनीच्या उंबऱ्यावर घासल्या,
एकेक, बेताने, पाठीकडून;
लबानात एक रात्र;
मग जुन्या बनियनच्या तुकड्यात
बंद गीझरच्या पाठीशी,
जिथे गच्चीवरच्या टाकीची नळी भिंतीतून उतरते
आणि उन्हाचं उरलंसुरलं घेऊन येते.
तापमापक लावायला जागाच नव्हती.
रकान्यात मी ‘कोमट’ लिहिलं.
अठरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

अकराव्या दिवशी, रात्रपाळीहून आलो,
बूट काढायच्या आधी फडकं सोडलं.
दोन तशाच. तिसरीची शिवण उकललेली,
आतून काहीतरी पांढरं
नखावरच्या कोरीएवढं,
खाली वळावं की वर, ह्या विचारात.

वैजयंतीला फोन केला, तिथे सकाळ व्हायची होती.
ती जांभई देत म्हणाली, “उरलेल्या मी
मोरीच्या पाण्याकडे भिरकावल्या होत्या.
गडग्यावर चढलेत वेल.”
तापमान किती होतं?
“कुणाचं?”

शफीने पाण्याचा वीस लिटरचा कॅन कापला.
सूक अल-जुमातून मातीची पिशवी आणली,
पिशवीवर हॉलंडची गाय.
बाल्कनीत आज एक्कावन्न.
खोलीत एसी, बावीस.
ह्या दोहोंच्या मधे हिला कुठे उभी करायची
हे दोघांनाही सुचलेलं नव्हतं;
कॅन घेऊन आम्ही स्वयंपाकघर ते खिडकी
सामान हलवणाऱ्या हमालांसारखे फिरलो.

शेवटी हात धुवायच्या बेसिनखाली ठेवला.
मी ऑफिसच्या बॅगेतून एक लेबल काढलं,
आम्ही उपकरणांना लावतो ते:
क्रमांक बारा. तपासणी आजची.
सही केली.
‘पुढील तपासणी’पुढे पेन टेकवलं.
शफी म्हणाला, लिही काहीतरी,
पाणी कुणी घालायचं तेवढं तरी लिही.