झिरो माइल

नागपुरात उतरलो तेव्हा सकाळी नऊलाच
ऊन रस्त्यात ठाण मांडून बसलं होतं.
रिक्षात आई म्हणाली,
"गॅस बंद केला होता ना मी?"

पोह्यांच्या ठेल्यावर पुन्हा तेच.
प्लेटीत लाल तर्री, तर्रीत बुडालेले चणे,
आणि आई गंगाखेडच्या ओट्याशी.
"ढवळेकाकूंकडे किल्ली आहे, फोन कर," दादा म्हणाले.
"त्यांना कशाला उगाच."

झिरो माइलच्या खांबापाशी
शरयूनं दगडावरची गावं वाचली,
प्रत्येकापुढे मैल.
"आपलं गंगाखेड नाही यात."
दादांनी दगडी घोड्यांसोबत फोटो काढला.
घोडे चारही आले,
आई अर्धी.

रात्री सावजीत गेलो.
दादांच्या टकलावर घाम,
शरयूचं नाक लाल,
माझा तिसरा तांब्या.
वाढणारा पोरगा भिंतीला टेकून,
"तिखट लागून राह्यलं का जी?"

आईनं भाकरी कुस्करली,
वर रस्सा ओतला
आणि जेवली.
एक घास तोंडात धरून डोळे मिटले,
मग हात तसाच खरकटा घेऊन
थेट भटारखान्याच्या दारात:
"खसखस भाजून वाटता, की कच्चीच?"
आतून कुणीतरी काहीतरी सांगितलं.
ती बराच वेळ आली नाही.

फुटाळ्याच्या काठावर आईसक्रीम खाताना
शरयूनंच आठवण केली,
"आई, गॅस?"
"कुठला गॅस?"

चौथ्या दिवशी कुलूप काढलं.
संत्रा बर्फीचा डबा हातात धरूनच
आई ओट्याकडे धावली.
खटका बंद होता.

पंखा तेवढा, बैठकीतला,
चार दिवस एकटाच
फिरत होता.